आत्यानं वाचलेला कॅमेरा

माझं छापून आलेलं पहिलं लिखाण म्हणजे एका छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचं परीक्षण. त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मोबाईलवरचे फोटो धुरकट यायचे आणि लोक लग्नाला जाताना असा कॅमेरा शर्टाच्या खिशात घालून जायचे. मी शिक्षण संपवून शहरात एका दैनिकाच्या पुरवणीत मुद्रितं तपासायच्या कामाला लागलो होतो. दिवाळीच्या तोंडावर संपादकांनी मला बोलावलं आणि एक लहानसं खोकं पुढं सरकवलं.

"फोटो कसे येतात ते आपला छायाचित्रकार लिहील," ते म्हणाले. "तुम्ही बाकीचं बघा. मेनू, सेटिंग, सोबतची सीडी. साध्या माणसाला हे वापरता येईल का, तेवढं सांगा. पंधरा दिवसांत खोकं परत आणायचं."

साधा माणूस म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. खोकं पिशवीत टाकलं आणि दिवाळीला घरी गेलो.

घर म्हणजे आत्याचं घर. माझे आई-वडील दरवर्षी सहा महिने ऊसतोडीला जायचे. माझी शाळा बुडायला लागली, तेव्हा आत्यानं एका दसऱ्याला मला तिच्या घरी नेलं आणि बारावी होईपर्यंत परत पाठवलं नाही. कडा या बाजाराच्या गावापासून चार-पाच किलोमीटरवर त्यांची वस्ती आहे. आत्याचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणतो, मेंढरं राखायचे. पावसाळाभर कळप वस्तीवर असायचा. दिवाळी झाली की मामा आणि त्यांचे दोघे भाऊ मेंढरं घेऊन गोदावरीच्या बाजूला निघायचे, ते मृगाच्या सुमाराला परतायचे. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने मामा घरात नसायचेच. आत्या घर, थोडं रान आणि मला सांभाळायची.

त्या दिवाळीत मी कॅमेरा बाहेर काढला तेव्हा आत्या ओट्यावर बाजरी निवडत होती. मेनू इंग्रजीत होता. मी भाषांची यादी उघडली. वीस-बावीस भाषा होत्या.

"ह्यात मराठी न्हाई?" तिनं विचारलं.

"मराठी नाही. हिंदी आहे."

"मंग हिंदी लाव. अक्षरं तर आपलीच हायत."

आत्या चौथी शिकलेली. वाचायला बसली की अक्षराखाली बोट सरकवत वाचायची. त्या इवल्याशा पडद्यावर बोट ठेवलं की निम्मा मेनू झाकला जायचा, म्हणून तिनं बाजरीतली एक काडी उचलली आणि काडीनं एकेक ओळ वाचायला लागली. मी वही घेऊन शेजारी बसलो. खरं सांगायचं तर मी तिच्यासाठी नव्हतो बसलो. परीक्षणात घालायला दोन गमतीच्या ओळी मिळतील, असं माझ्या मनात होतं.

पण तिनं पहिल्या अर्ध्या तासात जे विचारलं ते मला एकट्याला सुचलं नसतं. बटण दाबलं की कॅमेरा टिक टिक वाजायचा.

"हे कावून वाजतंय?"

"बटण दाबलं गेलं, हे कळावं म्हणून."

"मला तर बोटाला कळतंय. मेंढरं बुजतील ह्यानं. बंद कर."

आवाज बंद करायची जागा शोधायला मला तीन पानं उलटावी लागली. मेनूच्या आत मेनू आणि त्याच्या आत आणखी एक. तिनं ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "एवढ्या आत कावून ठिवलंय?" मी ते वहीत लिहून घेतलं. फ्लॅशचंही तसंच. जनावराच्या डोळ्यावर उजेड मारू नये, म्हणून तिला तो कायमचा बंद हवा होता आणि कॅमेरा बंद करून चालू केला की तो पुन्हा आपोआप सुरू व्हायचा. माणसांच्या चेहऱ्याभोवती कॅमेरा हिरवी चौकट काढायचा. तिनं तो आमच्या एडक्यावर धरून पाहिला. तांबड्या मानेचा, वळलेल्या शिंगांचा तो एडका म्हणजे मामांचा जीव की प्राण. चौकट काही आली नाही.

"मानसं वळखतंय, मेंढरं न्हाई," ती म्हणाली. "आमच्या मालकाचं उलटं हाय."

तिसऱ्या दिवशी मामा निघणार होते. आदल्या दिवशी दुपारी आत्यानं मला बाजूला घेतलं. मी तिच्या घरी सात वर्षं राहिलो, तेवढ्या काळात तिनं माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी तिनं मागितलं.

"बाळा, ह्यांचा एक फोटू काढ. येड्यावानी मतदानाच्या कार्डावरचा तेवढा एक हाय. त्यात ह्ये वळखू बी येत न्हाईत. सात-आठ महिने मानूस दिसत न्हाई, भिंतीवर तरी दिसंल."

मामा फोटोच्या नावानं बिचकायचे. "काय करायचाय बे माझा फोटू? मी काय पुढारी हाय का?" असं म्हणत ते उठून चालले होते. आत्यानं एडक्याची दोरी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, "तुमचा न्हाई, त्याचा काढायचाय. तुमी नुसतं धरून उभं ऱ्हावा." मग ते उभे राहिले. पण असे ताठ, जणू कुणी पोलीस ठाण्यात उभं केलंय.

मेनूत एक सोय होती. समोरचा माणूस हसला तरच कॅमेरा आपणहून फोटो काढायचा, नाहीतर वाट पाहत बसायचा. हिंदीत तिला 'मुस्कान' असं नाव होतं. मला तीही तपासायचीच होती. मी ती लावली आणि कॅमेरा धरून उभा राहिलो. मामा हसेनात. कॅमेराही गप्प. एडका मामांचा सदरा चघळायला लागला.

"झालं का?" मामांनी ओठ न हलवता विचारलं.

"तुमी हसल्याबिगर ते फोटू काढत न्हाई," आत्या म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"आत लिहिलंय. मी वाचलंय."

"तू वाचलंस?" मामा म्हणाले आणि खरंच हसले. थट्टेनं नव्हे. आपल्या बायकोनं त्या यंत्रातलं वाचलं, याचं त्यांना नवल आणि कौतुक वाटलं, ते सगळं तोंडावर आलं. कॅमेऱ्यानं तेवढ्यात फोटो घेतला. पडद्यावर पाहिला तर मामांच्या पुढच्या पडलेल्या दातांची फटसुद्धा छान दिसत होती. आत्यानं तो फोटो त्या दिवशी किती वेळा पाहिला असेल, सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कळप निघाला. घोडीवर बिऱ्हाड, पुढं एडका, मागं मामा. आत्या बांधापर्यंत गेली आणि परत येऊन कामाला लागली.

त्यानंतर दोन दिवसांनी मी सकाळी कड्याला गेलो होतो. जाताना कॅमेरा घरीच ठेवला. "हवं ते दाबून बघ, काही बिघडत नाही," असं मीच आत्याला सांगून गेलो. परत आलो तर ती ओट्यावर बसली होती आणि कॅमेरा तिच्यासमोर टॉवेलवर ठेवलेला होता. चूल पेटलेली नव्हती.

"बाळा, ते आता तस्वीर न्हाई म्हनतंय," ती म्हणाली.

मी उचलून पाहिलं. पडद्यावर 'कोई तस्वीर नहीं' अशी ओळ होती. मामांचा फोटो गेला होता. माझे परीक्षणासाठी काढलेले चाळीसेक फोटो गेले होते.

काय झालं ते तिनं नीट सांगितलं. ती मामांचा फोटो पाहत होती. पाहून झाल्यावर कॅमेरा बंद करायचा होता. मीच कधीतरी तिला संगणकाबद्दल सांगितलं होतं, की आधी उघडलेलं सगळं नीट मिटायचं, मगच बटण बंद करायचं. म्हणून तिनं मेनू उघडला आणि काडीनं वाचत गेली. एका ओळीवर 'मिटाएँ' लिहिलेलं सापडलं. पुस्तक मिटावं, छत्री मिटावी, तसंच हे, असं तिला वाटलं. आत गेली तर 'यह तस्वीर' आणि 'सभी तस्वीरें' असे दोन पर्याय. एकच कशाला, सगळेच नीट मिटून ठेवावेत, म्हणून तिनं दुसरा निवडला. कॅमेऱ्यानं विचारलं, तिनं 'हाँ' म्हटलं.

हिंदीत त्या शब्दाचा अर्थ पुसून टाकणं असा आहे, हे मला माहीत होतं. ती तो शब्द वाचेल आणि मराठीत समजेल, हे मला सुचलं नव्हतं. चूक कुणाची ते तिथंच स्पष्ट होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "कशाला हात लावायचा मग?"

आत्या उठून चुलीपाशी गेली. मी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड चालतंय का ते बघायला अंगणाचे तीन फोटो काढले, मेनू पुन्हा पुन्हा चाळला. पुसलेलं परत आणायची सोय कुठंच नव्हती. जेवताना तिनं मला नेहमीसारखं आग्रहानं वाढलं. पण कॅमेऱ्याकडं तिनं पुन्हा पाहिलं नाही. दुपारी तो ओट्यावर राहिला होता, तर तिनं तो न उचलता मला हाक मारून उचलायला लावला.

संध्याकाळी मी खोक्यातली माहितीपुस्तिका वाचायला घेतली. शेवटच्या पानावर सीडीवर संगणकाचे कोणकोणते कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, आहेत त्याची यादी होती. फोटो संगणकावर घ्यायचा कार्यक्रम, तारखेनुसार लावायचा कार्यक्रम, दोन फोटो जोडून लांबट फोटो करायचा कार्यक्रम. आणि चौथा, पुसलेले फोटो परत मिळवायचा. ती सीडी मी पाकिटातून काढलीही नव्हती. पुस्तिकेवरून चार ओळी लिहून टाकायच्या, असं मी ठरवूनच ठेवलं होतं.

सकाळी सीडी आणि कॅमेरा घेऊन कड्याला संगणकाच्या क्लासवर गेलो. क्लास चालवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील, पण बोलणं पक्क्या मास्तरणीचं. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही याचं परीक्षण लिहिताय?"

"हो."

"आणि सीडी अजून उघडली नाही?"

मी सीडीचं पाकीट त्यांच्यापुढं सरकवलं. त्यांनी सीडी लावली. कार्यक्रम संगणकावर चढेपर्यंत त्यांनी विचारलं, "फोटो गेल्यावर नवीन किती काढले?"

"तीन."

"ते काढायला नको होते. पुसलेल्या जागेवर नवा फोटो बसला की जुना कायमचा जातो. आता तीन कुठले गेले, ते नशीब."

पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पायानं पुढं सरकायला लागली. मॅडम क्लासमधल्या मुलींना शिकवून यायच्या, पट्टीकडं बघायच्या, परत जायच्या. मी तिथून हललो नाही. शेवटी फोटो एकेक करून यायला लागले. नावं गेलेली, नुसते आकडे. कॅमेऱ्यात तारीख लावायचीही मी विसरलो होतो, त्यामुळं सगळे एकाच चुकीच्या तारखेखाली गोळा झाले होते. पहिले दोन नुसते करडे. त्यानंतर आमचं अंगण, बाजरीचं सूप, आत्याचा हात आणि काडी. आणि मामा.

मामांचा फोटो वरून अर्ध्यापर्यंत होता. फेटा, कपाळ, डोळे, ते हसू, खांदे. त्याखाली सपाट करडा रंग. एडका गेला होता.

"चेहरा आलाय," मॅडम म्हणाल्या. "खालचं कापून देते. कुणाला कळणार नाही." त्यांनी ते नीट कापलं, सगळे फोटो एका सीडीवर उतरवून दिले आणि मी आभार मानायला लागलो तर म्हणाल्या, "माझे कसले? त्या कार्यक्रमाबद्दल नीट लिहा. लोक सीडी फेकून देतात."

त्यांचं ते वाक्य मी पुढं परीक्षणात जवळजवळ तसंच घातलं. कड्यातच स्टुडिओत मामांचा फोटो छापून घेतला आणि घरी आलो.

आत्यानं हात पदराला पुसले आणि फोटो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ पाहिला.

"तोंड आलं. बास झालं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "एडका गेला व्हय?"

"गेला. आत्या, चूक माझी होती. मीच काहीही दाब म्हणून सांगितलं आणि मीच तुझ्यावर चिडलो."

ती फोटोकडं बघतच म्हणाली, "तू चिडलास त्याचं काई न्हाई. घरातलं मानूस चिडतंच. मला वाटलं, आता हा परत कंदी काई नवं घरी आनायचा न्हाई. आनलं तरी मला दावायचा न्हाई."

मी तिच्यापाशी बसून राहिलो. एवढं शिकून मी तिला एका वाक्यात कुठं नेऊन बसवलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

चार-पाच दिवसांनी मामांचा कुणाच्या तरी फोनवरून निरोप आला, की कळप लिंबागणेश गावाच्या अलीकडं एका शेतात बसलाय आणि तिथं तीन दिवस मुक्काम आहे. माझी परतायची वेळ झाली होती. मी एका मित्राची मोटारसायकल मागून आणली आणि आत्याला म्हटलं, "चल, एडक्याचा फोटो घेऊन येऊ." ती नको म्हणेल असं वाटलं होतं. तिनं घटकाभरात भाकरी बांधल्या, लसणाची चटणी कुटली आणि मागं येऊन बसली. एवढ्या लांब मोटारसायकलवर ती पहिल्यांदाच निघाली होती. वाटेतलं पाटोदा येईपर्यंत तिनं माझा खांदा सोडला नाही, पुढं मात्र रानं बघत गप्पा मारायला लागली.

मामा कापणी झालेल्या शेतात बाभळीखाली बसले होते. आम्हाला बघून उठले आणि पहिल्यांदा विचारलं, "घरी काई झालं का?"

"काई न्हाई झालं," आत्या म्हणाली. "तुमचा एडका ऱ्हायलाय."

मी कॅमेरा काढला आणि तिच्यापुढं धरला. तिनं हात मागं घेतले.

"तू काढ."

"नाही. तूच काढायचा. मी वाचूनही दाखवणार नाही."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग बाभळीचा एक वाळका काटा मोडून घेतला, कॅमेरा हातात घेतला आणि मेनू उघडला. काट्याच्या टोकानं ओळ ओळ वाचत फ्लॅश बंद केला. 'मिटाएँ' आलं तेव्हा काटा थोडा थांबला. "ह्ये पुसायचं," ती स्वतःशीच म्हणाली आणि पुढं गेली. मामा एडक्याच्या मानेवर हात टाकून उभे राहिले. या वेळी ताठ नव्हते, कारण ते तिच्याकडंच बघत होते. तिनं एकदा, दोनदा, तीनदा बटण दाबलं. मग मला मामांच्या शेजारी उभं केलं आणि आमच्या दोघांचाही काढला. त्यात माझं अर्धं डोकं कापलं गेलंय. मामा आणि एडका पूर्ण आले आहेत.

आम्ही तिघांनी बाभळीखाली बसून भाकरी खाल्ली. मामांनी मला विचारलं, "ह्या डबड्याचं तुला लिहायचंय ते काय लिहिनार बे?"

"आत्यानं जे जे विचारलं ते."

"मंग लई लिहावं लागंल," मामा म्हणाले.

शहरात परतल्यावर मी आधीचे कागद बाजूला ठेवले आणि पुन्हा सुरुवात केली. आवाज बंद करायची सोय पहिल्या पानावर हवी. फ्लॅश एकदा बंद केला की बंदच राहायला हवा. तारीख लावल्याशिवाय कॅमेऱ्यानं पुढं जाऊ देऊ नये. मराठी माणसानं हिंदी मेनू वापरताना एका शब्दापासून जपून राहावं, आणि तो शब्द कुणाला कसा भोवला, तेही नाव न घेता सांगितलं. सीडीवरचा चौथा कार्यक्रम हा खोक्यातली सगळ्यांत मोलाची वस्तू, असं लिहिलं. संपादकांनी वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "हे तुम्हाला कुठं सुचलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "काहीही कापणार नाही. पुढच्या वेळीही घरी घेऊन जा."

मी नेलं. तेव्हापासून नेतोच आहे. पुरवणी नंतर बंद पडली, पण पंप, फवारणीयंत्रं, ठिबक सिंचनाचे घड्याळी नळ, दूध काढायची यंत्रं, अशा वस्तूंच्या मराठी माहितीपुस्तिका लिहायचं काम मला मिळत गेलं आणि त्यावरच माझं घर चालतं. एकही पुस्तिका आत्यानं ऐकल्याशिवाय मी छापायला दिलेली नाही. मामा आता लांब जात नाहीत. मोजकी मेंढरं वस्तीवरच असतात, त्यामुळं ऐकायला दोघंही बसतात. मागच्या महिन्यात कडबा कापायच्या यंत्राची पुस्तिका वाचत होतो. 'सुरक्षित अंतर राखावे' असं एक वाक्य होतं.

"किती अंतर?" आत्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी तिथूनच कारखान्याला फोन लावला, विचारून घेतलं आणि तिच्यासमोर ते वाक्य खोडून 'दोन हात लांब उभे राहा' असं लिहिलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "हां, आता वाच फुडं."